व्हिएन्नातला मार्गशीर्ष गुरुवार

सासूबाई गेल्यापासून मी रोज देवापुढे दिवा लावत होते, पण वर मान करून त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मस्कतमधल्या वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या दीड वर्ष अंथरुणावर होत्या. सगळं मीच केलं. शेवटी शेवटी एकदा चादर बदलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आता सुटा हो एकदा." चौथ्या दिवशी त्या गेल्या. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

लेकीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली आणि यांनी व्हिएन्नाची तिकिटं काढली. मला कुठेच जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलासुद्धा अंगात त्राण लागतं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार नेमका तिथे आला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी. सासूबाईंचं व्रत मीच पुढे चालवत होते, म्हणून उपास धरला. मन त्यात नव्हतं.

रस्तोरस्ती रोषणाई, घोड्यांच्या बग्ग्या, चर्चच्या घंटा, आणि दुकानं मात्र बंद. लेक फोटो काढत पुढे, हे मोबाइलवर रस्ता शोधत, आणि मी कुणीतरी ओढत नेल्यासारखी मागून. मस्कतच्या उन्हात वापरायचे कापडी बूट. त्यांत बर्फाचं पाणी शिरून पाय बधिर झाले होते. ट्रामच्या थांब्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले.

कुत्र्याला घेऊन समोरच्या दारातून निघालेली एक सत्तरीची बाई धावत आली. माझे ओले बूट चाचपून तिने आम्हाला सरळ आपल्या घरात नेलं. गोड चहा पाजला. कोरडे मोजे आणायला हे आमच्या हॉटेलवर गेले, दोन थांबे पुढे; लेक तिच्या कुत्र्याला फिरवायला. मग ती कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आली, माझ्यासमोर गुडघे टेकून बसली आणि माझे पाय धुऊ लागली. मी पाय मागे ओढले. या दिवशी देवी मानून सवाष्णीचे पाय धुवायचे, ते मी धुवायचे! तिने घोटे धरून ठेवले. "मी नर्स होते," मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली. "आता गप्प बस."

मला रडूच फुटलं. ती चादर, ते वाक्य, ते चार दिवस, सगळं मी तिला मराठीतच सांगून टाकलं. तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मान हलवत ऐकत राहिली.

वर पाहिलं तर हे दारात उभे.

"मला माहीत आहे," हे म्हणाले. "आईनंच सांगितलं होतं."

"काय?"

"म्हणाली, ती फार दमलीय रे. मी गेले की तिला लांब कुठेतरी ने, जिथे तिला कुणाचं काही करावं लागणार नाही."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

निघताना पर्समधल्या कुयरीतलं कुंकू मी त्या बाईला लावलं. तिचा नवरा आहे की नाही, विचारलं नाही. तिनं हसून कपाळ पुढे केलं.

तिला कुणी पाठवलं, याचा मी काथ्याकूट करत नाही. आयुष्यभर देवाची सेवा करायची एवढंच मला ठाऊक होतं. त्यानं हात पुढे केला की निमूट स्वाधीन व्हायचं, हे तिथे कळलं. हॉटेलवर येऊन मी भरदुपारी पाठ टेकली, ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत झोपले. कुणी उठवलं नाही.