दामाताचा डावा हात

दामातानं पुन्हा बोट टेकवलं. सकाळपासून हेच चाललं होतं. बोट टेकवायचं, पडद्यावर 'ठसा नीट उमटला नाही' असं यायचं, मग बोट कापडाला पुसून पुन्हा टेकवायचं. जीव नुसता विटून गेला होता तिचा.

शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी काढण्यात तिचा जन्म गेला. दाणे भाजायचे, उजवा हात कोपरापर्यंत बुडवून लगदा मळायचा, उकळती कढई ढवळायची. गुडघे गेले तेव्हा सावेलुगु गावच्या बायकांच्या गटानं तिला गोदामातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. खुर्चीत बसून करायचं काम तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं. पासवर्ड होता तोवर बरं चाललं होतं. पण तो साऱ्या गावाला पाठ. बायका दारातून ओरडून विचारायच्या आणि ही तिथूनच ओरडून सांगायची! मग माल घेणाऱ्यांनी बोटाच्या ठशाची अट घातली. ठसेही लागले होते कसेबसे, तर कॉम्प्युटरमधल्या लिनक्सचा नवा अपडेट आला आणि जुने सगळे पुसले गेले. आता नव्यानं एक बोट लागेल तर शपथ.

गटाची प्रमुख रहिनातू सकाळीच बजावून गेली होती. "दुपारी माल न्यायला गाडी येतेय, दामाता. तोवर कॉम्प्युटर उघडला नाही तर कढईवरच्या अबिबाला बसवते तिथं. तू ये परत कढईवर, काय करणार?"

काय करणार म्हणे. बोलणारीचं काय जातंय, गुडघे तर हिचे दुखणार होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा वुम्पिनी टामाले शहरातून मोटारसायकलवर धूळ खात आला होता. त्यानं ठसा घेणारी डबी काढून परत लावली, तिची काच पुसली, ठशांचा प्रोग्राम बंद करून चालू केला. शेवटी स्वतःचं बोट नोंदवून पाहिलं, तर झटक्यात उघडलं.

"मशीन धडधाकट आहे, म्मा," आईला हाक मारावी तसं तो म्हणाला. "घोडं तुमच्या बोटांपाशी अडलंय."

"सगळी देऊन झाली की रे. अंगठासुद्धा."

त्यानं तिचा उजवा हात उलटा करून पाहिला. बोटांची टोकं गुळगुळीत, रेघ म्हणून शिल्लक नव्हती.

"डावा द्या."

"काही लाजबीज आहे का तुला? डाव्या हातानं मी कुणाला पाणी दिलं नाही कधी. बायकांचं गोदाम उघडू डाव्यानं?"

"मशीनला कुठं कळतं डावं-उजवं."

"मला कळतं ना."

वुम्पिनीनं कपाळ चोळलं. तोही दमला होता. "मला येत होतं ते सगळं केलं, म्मा. आता एवढंच उरलंय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अंगणात कढईखाली जाळ घातलेला होता आणि अबिबा हात पुसत इकडेच येत होती. दामातानं तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात भरलेला असला की डाव्यानं काही देताना लोक म्हणतात तसं, "डाव्याची माफी असू दे," असं पुटपुटत तिनं डावं बोट टेकवलं. मशीन म्हणेल तितक्यांदा टेकवलं. ठसा उमटला, कॉम्प्युटर उघडला.

वुम्पिनी हसला. ती हसली नाही. उजवा हात मांडीवर ठेवून त्या हाताकडेच बघत राहिली.

"जन्मभर राबला हा," ती म्हणाली, "आणि ओळख पटली त्या ऐतोबाची."

गाडीवाल्यानं हाक मारली, तसं तिनं उजव्या हातानं पोत्यांचे आकडे टाकायला घेतले.