बच्चियोंची गाडी

आमच्या घरी मोटार आली ती बाबांच्या हौसेमुळे नव्हे, आईच्या बाळंतिणींमुळे. आई डॉक्टरीण होती. नारायणगुड्यात घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना होता, पण तिचं अर्धंअधिक काम लोकांच्या घरी जाऊनच चाले. पडद्यातल्या बायका दवाखान्यात येत नसत. मलकपेठ म्हणा, अंबरपेठ म्हणा, कुठूनही बोलावणं येई आणि आई बॅग उचलून टांग्यात बसे. रझाकारांच्या दिवसांत दिवेलागणीनंतर टांगेवाले यायला धजत नसत. मग पोलीस ॲक्शन झाली, शहर हळूहळू सावरलं, आणि इतके दिवस पोरं जणू आभाळात थांबवून ठेवली होती तशी बोलावणी वाढली. एकदा चादरघाटच्या पुलावर टांग्याचा घोडा अडून बसला. आई पोचली तेव्हा बाळ तिच्या आधी पोचलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन तिने पदराने कपाळ पुसलं आणि बाबांना सांगितलं, "अहो, मला मोटार हवी. जुनी चालेल. बोलावलं की निघाली पाहिजे आणि पेट्रोल कमी प्यायली पाहिजे. दुसरं काही नको."

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे, आणि आमच्याजवळची रक्कम इतकी बेताची होती की तिच्याबद्दल घरात हळू आवाजातच बोलत.

बाबा सरकारी शाळेत गणित शिकवत. शिकवत उर्दूतून, आकडे मोजत उर्दूतून, रागावत मात्र मराठीतून. मोटारीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि तसं ते मोकळेपणाने कबूल करत. म्हणून त्यांनी मामाला बोलावलं. मामा महसूल खात्यात कारकून. मोटारींतला जाणकार म्हणून आमच्या सगळ्या गोतावळ्यात त्याचं नाव होतं. हे नाव कशावरून झालं ते नीट कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या माहितीप्रमाणे तो साहेबांच्या मोटारीत दौऱ्यावर जाई आणि शोफरच्या शेजारी बसे, एवढंच. पण कुठलीही मोटार दिसली की तो तिच्या चाकावर बुटाचं टोक मारून "हूं" म्हणे, आणि त्या "हूं"चा दरारा मोठा होता.

जहागिरी नुकत्याच गेल्या होत्या. बड्या घरांतल्या मोटारी एकेक करून विकायला निघत होत्या. मलकपेठेतल्या एका नवाबसाहेबांची मोटार विकायची आहे असं मामाने कचेरीत ऐकलं, आणि एका रविवारी आम्ही तिघं तिथे गेलो. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. मला का नेलं? इंग्रजी कागद वाचायची वेळ आली तर असावी म्हणून.

त्यांची देवडी म्हणजे भल्या मोठ्या फाटकाची हवेली. अंगणात ती मोटार उभी होती. उभी कसली, पसरली होती. आत लाल कातडी बैठक, मागच्या खिडक्यांना रेशमी पडदे, फुलं ठेवायला चांदीची छोटी दाणी. बाबांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मामाने चाकावर बूट मारला, पण ह्या खेपेला त्याच्याने "हूं"सुद्धा म्हणवलं नाही.

नवाबसाहेब पांढऱ्या दाढीचे, अतिशय अदबशीर. त्यांनी अंगणातच चहा मागवला. कप ठेवायला जवळ काही नव्हतं, म्हणून मामाने आपला कप शेजारी उभ्या असलेल्या एका लहानशा, धुळकट मोटारीच्या बॉनेटवर ठेवला. बाबांनी आपली छत्रीही तिच्यावरच ठेवली.

बाबांनी घसा साफ करून विचारलं, "हुजूर, ये पेट्रोल कितना लेती है?"

नवाबसाहेब मंद हसले. "मास्टरसाब, हमने कभी पूछा नहीं."

बाबांना हे उत्तर इतकं खानदानी वाटलं की पुढे विचारणं त्यांना गावंढळपणाचं वाटू लागलं. किमतीचं बोलणं निघालं तेही असंच तलम. मोटारीच्या आकारमानाने किंमत फारच कमी होती. मामा बाबांना कोपऱ्यात नेऊन म्हणाला, "दाजी, अशी चीज पुन्हा मिळायची नाही. आपल्या फाटकातून आत गेली नाही तर फाटक काढू."

परतताना टांग्यात दोघंही गप्प होते, नुकतीच मुलगी पसंत करून आलेल्या मंडळींसारखे. घरी आल्यावर मात्र दोघंही एकदमच बोलू लागले. आईने पडदे ऐकले, चांदीची दाणी ऐकली, मग म्हणाली, "आणि पेट्रोल?"

"तसं त्यांनी कधी विचारलं नाही म्हणे," बाबा म्हणाले.

"दारात हत्ती झुलवायचा तर चाऱ्याचं कोण बघणार?" आई म्हणाली, आणि मग तिला एकदम आठवलं. "मलकपेठेतली कुठली देवडी म्हणालात? त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण मीच केलंय."

दोनच दिवसांत ती बाळाला बघायचं निमित्त काढून तिकडे निघाली. बॅग धरायला मी बरोबर. पुरुषांनी अंगणातून पाहिलेलं ते घर आम्ही जनान्यातून पाहिलं. बेगमसाहेबा लाकडी तख्तावर बसून पान लावत होत्या. आईला त्या "डाक्टरनी अम्मा" म्हणत, वयाने आईपेक्षा पुष्कळ मोठ्या असूनही. बाळाचं पाहून झालं, पान झालं, मग आईने सहज म्हणावं तसं मोटारीचं काढलं.

बेगमसाहेबांनी पानाचा डबा मिटला. "उसमें नक्को बैठो, डाक्टरनी अम्मा. पिछली ईद को चार आदमी ढकेले, जब हिली. नमाज हो गई, हम फाटक पे-च थे."

आई हसली नाही. बेगमसाहेबा मात्र हसल्या. मग म्हणाल्या, घेणारच असाल तर दुसरी आहे, ती घ्या. मुलींना शाळेत न्यायला आणलेली, लहान, आठ घोड्यांच्या ताकदीची विलायती मोटार. नवाबसाहेब तिला मोटार म्हणतच नाहीत, म्हणून विकायचीही आठवण कुणाला झाली नाही. मुली आता सासरी गेल्या आणि शोफर तिच्यातून भाजी आणतो. कधी अडली नाही.

"कुठे असते ती?" आईने विचारलं.

"अंगण में. बड़ी के बाजू में."

मला चहाचा कप आठवला, आणि घरी जाऊन मामाला हे केव्हा सांगते असं झालं.

मामाला ते मुळीच आवडलं नाही. "तिला चाकं होती होय?" एवढंच तो म्हणाला. बाबांचाही चेहरा पडला. पण बाबांचा स्वभाव असा की एकदा गोष्ट आकड्यांत आली की त्यांना हुरूप येई. ते म्हणाले, बेगमसाहेबांचं म्हणणं खरं असेल, पण सिद्ध व्हायला हवं.

आईची परीक्षा साधी होती. न कळवता ती सकाळी लवकर देवडीत गेली आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गार होतं, म्हणजे आपल्यासाठी कुणी आधीच गरम करून ठेवलेली नव्हती. मग शोफरला म्हणाली, चालू करा. हँडलच्या तिसऱ्या हिसक्याला गाडी फुरफुरली आणि चालू राहिली. आईची परीक्षा तेवढ्यात संपली.

बाबांची परीक्षा रविवारी झाली. शोफर गाडी आमच्या दारात घेऊन आला. बाबांनी त्याच्याकडून टाकी पार रिकामी करवली आणि दवाखान्यातली एक मोठी, खुणांची बाटली पेट्रोलने भरून तेवढंच आत ओतलं. गाडी जिथे थांबेल तिथवरचं अंतर, ह्या हिशोबाने गॅलनला किती मैल ते निघणार होतं. पुढे शोफर आणि बाबा, मागे मामा आणि मी.

"बाबा, गाडी थांबल्यावर परत कसं यायचं?" मी विचारलं.

"तो वेगळा प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

मामाचं भाकीत होतं की अंबरपेठच्या अलीकडेच बसकण मारेल. अंबरपेठ आलं, भाजीची दुकानं गेली, घरं विरळ झाली. मामा खिडकीबाहेर बघू लागला. उप्पलच्या रस्त्याला लागलो तसा बाबांना इतका आनंद झाला की आता गाडी मागे वळवावी हे त्यांना सुचलंच नाही. ते मैलाचे दगड मोठ्याने वाचत होते. उप्पल मागे पडलं, दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं लागली, आणि मग गाडीने दोनदा उचकी दिली व रस्त्याच्या कडेला अगदी शांतपणे थांबली.

बाबांनी खिशातून पेन्सिल काढून तळहातावरच हिशोब केला. आकडा इतका चांगला होता की त्यांनी तो दोनदा केला. "छान," ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहिलं. मैलभरात एक चिंचेचं झाड तेवढं होतं.

ऊन चढेपर्यंत आम्ही त्या चिंचेखाली बसलो. शेवटी रिकामी बैलगाडी घेऊन एक शेतकरी शहराकडे जाताना दिसला. बाबांनी आपल्या पुस्तकी तेलुगूत त्याला सगळी अडचण सांगितली, परीक्षेच्या उद्देशासकट. त्याने ती नीट ऐकून घेतली, दोर काढला, मोटार बैलगाडीच्या मागे बांधली आणि बैलांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "एद्दुलकु पेट्रोल अक्करलेदु." म्हणजे, बैलांना पेट्रोल लागत नाही. मामा त्यावर मनापासून हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

अशी आमची वरात अंबरपेठच्या बाजारातून आली. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते. मामाने रुमालाने तोंड पुसायचा बहाणा केला आणि तो रुमाल नारायणगुड्यापर्यंत खाली घेतला नाही. आई दारात उभी होती. तिने बैल पाहिले, दोर पाहिला.

"कुठे थांबली?"

"उप्पलच्या पुढे," बाबा म्हणाले. "एका बाटलीत."

"मग घ्या," आई म्हणाली, आणि बैलगाडीवाल्याला पाणी द्यायला आत गेली.

किमतीचं बोलायला आई-बाबा दोघं गेले, मीही होते. त्या काळी आमच्याकडे दोन रुपये चालत. एक निजामाचा हाली आणि दुसरा हिंदुस्थानचा कलदार. कलदार वजनदार, एकच आकडा कलदारात म्हटला तर जास्तीचा. बाबा कलदाराच्याच तयारीने गेले होते. नवाबसाहेबांनी आकडा सांगितला आणि बाबा हिशोब करू लागले, तेवढ्यात ते जरा तुच्छतेने म्हणाले, "हाली में, मास्टरसाब. बच्चियों की गाडी है, उसके कलदार क्या लेना."

बाबांचं तोंड उजळलं. आईने मात्र जनान्याच्या दारावरच्या चिकाच्या पडद्याखालून आत नजर टाकली. मागच्या वेळी तिथे गालिचा होता, आता नुसती फरशी होती. ते मीही पाहिलं होतं. ती म्हणाली, "नहीं हुजूर. मैं तो कलदार सोच के आयी हूं. गिने हुए पैसे वापस घर नहीं ले जाते, ऐसा हमारे में मानते हैं."

असं आमच्यात कुणीही मानत नाही. पण नवाबसाहेबांना ते पटलं, निदान त्यांनी पटल्यासारखं केलं. निघताना चिकाआडून पानाचे विडे आले, नेहमीपेक्षा मोठे.

टांग्यात बाबा हळूच म्हणाले, "वाचले असते गं."

"असते," आई म्हणाली. "पण पुढच्या बाळंतपणाला मला त्या घरात ताठ मानेने जायचंय."

बाबा पुलापर्यंत विचार करत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. पेट्रोलात भरून निघेल," आणि घर येईपर्यंत ते किती दिवसांत भरून निघेल ह्याचा हिशोब सांगत राहिले.

आई मोटार चालवायला शिकली मलकपेठेच्या रेसकोर्सजवळच्या मोकळ्या मैदानात, पहाटे, घोडे फिरवायला यायच्या आत. बाबा कधीच शिकले नाहीत. ते शेजारी बसून "डावीकडे, डावीकडे" म्हणत आणि आई सरळ जाई. मामाने मात्र ही गाडी आपणच हेरली असं लवकरच सांगायला सुरुवात केली. अंगणात शिरताक्षणी त्याने तिच्यावर हात ठेवला होता म्हणे. हात नव्हे, कप. पण आई म्हणे, असू दे, ठेवला तर होता.

पुढे काही वर्षांनी राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला आणि मामाची कचेरी दप्तरांसकट औरंगाबादला निघाली. बाबांनाही तिकडच्या शाळेत जाता आलं असतं. मामा बराच मागे लागला; आता आपल्या भाषेच्या राज्यात चला म्हणाला. आई म्हणाली, माझ्या बाळंतिणी इथे आहेत. बाबा म्हणाले, मराठीतून गणित शिकवायचं तर मला आकड्यांपासून सुरुवात करावी लागेल. मग तो विषय संपला.

मामाला पोचवायला आम्ही सगळे काचीगुडा स्टेशनवर गेलो. ट्रंका, वळकट्या, पिंप, मामीचा पाटा-वरवंटा, एवढं सगळं मोटारीत भरल्यावर माणसांना जागाच राहिली नाही. सामान मोटारीतून गेलं आणि मामा मामीसह टांग्यातून मागून आला. गाडी सुटायच्या आधी तो खिडकीतून आईला म्हणाला, "ताई, तिकडे आलीस तर मोटारीनेच ये. तिकडच्यांना दाखवायची आहे."

"एवढ्या लांब?" बाबा म्हणाले. "किती बाटल्या लागतील, माहीत आहे?"

मामा काहीतरी उत्तर देत होता, पण ते शिट्टीत ऐकू आलं नाही. आगगाडी दिसेनाशी झाली तरी आई थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग तिने घड्याळ पाहिलं, मलकपेठेला एक बाई अडली आहे म्हणाली, आणि मोटार घेऊन निघून गेली. बाबा आणि मी चालत घरी आलो. वाटेत बाबांनी मला ऊस घेऊन दिला, मी चांगली मोठी झाले होते तरी.