सर्वांत वर लावलेला निकाल

मुलांनो, तुमची नवी कंपनी पोलीस पडताळणी मागते आहे, म्हणून हे आजच लिहिते. दातिवऱ्याच्या एका कोळ्याच्या मुलीला तारापूरच्या कारखान्यात प्रयोगशाळेची नोकरी मिळत होती; मुलाखतीला मी सोबत गेले होते. अर्जात फक्त शिक्षा झाली का एवढेच विचारले होते, पण एका मोर्चात गेल्यामुळे झालेल्या खटल्यातून निर्दोष सुटल्याचा निकाल तिने अभिमानाने सर्वांत वर लावला. अत्तराने घमघमणाऱ्या साहेबाने तो वाचलाही नाही, कोर्टाचा कागद पाहूनच म्हणाला, "केस म्हणजे केस, मॅडम." "आरोप आणि शिक्षा यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला नाही?" मी विचारले. मुलगी उठली. "चला आजी, याला शिला बोंबील कलायचा नाय, मानूस काय कलनार!" नोकरी गेली. ती आता आईसोबत पालघरला मासळी विकते, आणि तो साहेब अजून त्याच खुर्चीत बसून माणसे पारखतो.