उरलेला अर्धा पाय

जव्हारच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारा हा कारकून फाइलचं पानही हळूच उलटतो. रविवारी मात्र आपल्या जुन्या, दोनच सीटांच्या बुटक्या स्पोर्ट्स कारमधून मला मोखाड्याला नेतो. घाटात तो अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवतो, इंजिन जीव खाऊन ओरडतं आणि काटा जेमतेम पन्नासवर. तरी वळणावळणाला आम्ही पोरांसारखे हसतो.

परवा मोखाड्यात त्याच्या मेहुण्याने त्याला आपली नवी, दांडगी गाडी चालवायला दिली. दोन वळणं घेऊन याने किल्ली परत केली.

“काय झालं, दाजी?”

“भारी हाय रे. पण आपल्या घाटात पाय अर्धाच दाबता येतो. उरलेल्या अर्ध्याचं करू काय?”

परतताना मेहुणा बुटक्या गाडीत माझ्या सीटवर बसला. दांडगी गाडी मी आणली, अर्ध्या पायाने. पुढे त्या दोघांची डोकी हसून हसून हलत होती.