इंजिनाचे कुंकू

आमच्या ह्यांनी पत्र्याची छोटी आगगाडी बनवली, रूळ आणि बोगद्यासकट. तिचा फोटो मुंबईच्या छंदाच्या मासिकात यावा, एवढीच त्यांची आस. फोटो काढायचे काम माझे. मी कॅमेरा लावला, तोच सासूबाईंनी इंजिनाच्या तोंडाला कुंकू लावले. या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काच असते, तिच्यावरून छापलेल्या फोटोत लाल रंग काळा उमटतो, हे मी हळूच सांगितले.

"नवी गाडी हाय, कोरी कशी सोडायची?" सासूबाई म्हणाल्या. हेही नुसते हसले.

मासिकाने फोटो परत पाठवला. इंजिन फुटके दिसते, दुसरा पाठवा. हैदराबादहून नवी काच यायला दिवाळी उजाडली. पुन्हा कॅमेरा लावला, तर सासूबाई करंडा घेऊन हजर.

"मागल्या खेपी कुंकू लई बारीक लावलं, म्हणून माघारी आला."

मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोके घातले आणि आतच दातओठ खाल्ले.