बाजेवर फक्त झोपायचं

मला झोप येत न्हाय म्हणून पोरानं धाराशिवला एका बाईकडं नेलं. गोळ्या देणारी डॉक्टर न्हाय, बोलून इलाज करणारी. मी दोन इयत्ता शिकलेला माणूस. नुसतं बोलायचंच तर मुरूम गावच्या बाजारात फुकट बोलीन, म्हणलं. पण दिवसा डुलकी लागून बैलगाडी बांधावरून खाली गेली होती, म्हणून गेलो.

बाई माझ्या नातीच्या वयाची.

"आजोबा, दिवसभर कुठं असता?"

"दारातल्या लिंबाखाली, बाजेवर. गावचे तंटे, बैलांचे सौदे, पोरींच्या सोयरिकी, समदं तिथूनच केलंय."

"आणि झोपता कुठं?"

"त्याच बाजेवर."

"म्हणजे कचेरीतच झोपता की! पाठ टेकली की डोकं कामाला लागणारच."

मग तिनं नेम घालून दिला. दिवसा डुलकी न्हाय. बाज फक्त झोपायला. डोळे जड झाले तरच पडायचं, झोप न्हाय लागली तर उठून बसायचं.

एवढ्यासाठी शिकली का ही, असं वाटलं. पण मी हट्टाला पेटलो की करून दाखवतो. बाज आतल्या खोलीत गेली, लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची आली. महिन्याभरात झोप लागायला लागली. सून म्हणली, "मामंजी, तुमच्या घोरण्यानं पत्रे हालतेत!"

पण खुर्चीवरच्या म्हाताऱ्याला लोक पाव्हणा समजतात. सोयाबीनचा व्यापारी आला, "आप्पा, बरं हाय ना?" म्हणून पुढं गेला आन् पोराच्या मोटरसायकलीला टेकून त्याच्याशीच भाव ठरवून मोकळा झाला.

पुढच्या खेपेला बाईला सुनावलं, "तुमच्या इलाजानं माझी किंमत गेली. बाजेवर होतो तवर लोक येत होते."

तिनं वाद घातला न्हाय. हळूच म्हणली, "बाजेवर सौद्याला शेवटी कोण आलं होतं, आजोबा?"

मी तोंड उघडलं. आठवला तो माणूस मरून गेलेला. त्याच्या आधीचाही मेलेला.

"लोक यायचे आधीच थांबले होते. तुमची झोप ह्याच्यापायीच गेली असेल. ह्यावर बोलू आपण."

"घरातलं मी परक्या पोरीपुढं काढत न्हाय," म्हणलं आन् काठी घेऊन उठलो.

पोरगा अधनंमधनं विचारतो, "आप्पा, जायचं का त्या बाईकडं?"

"झोप लागती की. आता काय काम?"

झोप लागती, हे खोटं न्हाय. उठल्यावर दिवसभर काय करायचं, ते विचारायला मी तिच्या दारात जाणार न्हाय.