कार्बाइडला पाणी चालत नाही

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आम्हा दोघा भावांचे लेथवर लोखंड कातून देण्याचे दुकान आहे. थोरल्या भावाला मी अण्णा म्हणतो. हे काम मला त्यांनीच शिकवले. मीही आता सत्तरी ओलांडली आहे.

लेथवर फिरते लोखंड कापणारे टूल साध्या होल्डरमध्ये आडवे बसते आणि धारेसाठी त्याच्या दोन-तीन बाजू घासाव्या लागतात. अण्णांचा हात मंदावला, तेव्हा त्यांनी पोलादाच्या ठोकळ्यातून निराळा होल्डर तयार केला. त्यात टूलची चौकोनी कांडी जवळजवळ उभी राहते, किंचित कललेली. धार लावायची ती फक्त वरच्या टोकाला. कापताना येणारा जोर कांडीच्या लांबीतून खाली उतरतो, म्हणून पोलादाहून कडक पण ठिसूळ असे कार्बाइडचे टूलही त्यात टिकते. डाळमिलचे झिजलेले शाफ्ट, म्हणजे यंत्रातले फिरते दांडे, वेल्डिंगने भरून आमच्याकडे येतात. त्या कडक, खडबडीत थरावर पोलादी टूल लगेच बोथट होते. तेथे कार्बाइडच हवे.

मात्र घासून तापलेले कार्बाइड पाण्यात बुडवायचे नसते. हवेतच निवू द्यायचे. पोलादी टूल बुडवलेले चालते. कार्बाइडला आतून तडा जातो आणि तो दिसत नाही. हे मला अण्णांनी थोबाडीत देऊन शिकवले होते.

गेल्या उन्हाळ्यात चाकूरचा एक डाळमिलवाला शाफ्ट घेऊन आला आणि काम होईपर्यंत बसून राहिला. अण्णा ग्राइंडरच्या हिरव्या दगडावर कार्बाइड घासत होते. चर्र असा आवाज आला. वळून पाहिले, तर कांडी पाण्याच्या डब्यात होती. मी उठेपर्यंत त्यांनी ती होल्डरमध्ये आवळून लेथ चालूही केले. पहिल्याच कापात टोक उडाले. एक कपची त्यांच्या भुवईत शिरली.

"टूल बी म्हातारं झालं का काय, अण्णा?" डाळमिलवाला हसत म्हणाला.

रक्त पुसून दिल्यावर मी विचारले, "पाण्यात बुडवलं का?"

"मला शिकवायलास का तू? म्या बुडवलंच न्हाई."

त्यांची बोटे अजून ओली होती. ते खोटे बोलत नव्हते. मला धास्ती वाटली ती त्याचीच.

संध्याकाळी वहिनींना सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. अण्णा फाटकापर्यंत जाऊन आज वार कोणता हे विचारायला परत येतात, असे त्यांनी सांगितले. मग एवढेच म्हणाल्या, "भावजी, त्यांना घरी बसवू नका. दुकान सुटलं तर माणूस हातचा जाईल."

मी पाण्याचा डबा उचलून ठेवला. अण्णांनी माठातून पेलाभर पाणी आणले. तेव्हा कार्बाइडच्या कांड्या मी माझ्या कपाटात ठेवल्या आणि त्यांच्यापुढे पोलादी टूल ठेवू लागलो. ती त्यांनी खुशाल बुडवावीत. त्यांच्या धारेत अजूनही खोट नव्हती. पावसाळा असाच काढला. गिऱ्हाइकांना काही कळले नाही.

दिवाळीनंतर तोच डाळमिलवाला दुसरा शाफ्ट घेऊन आला. मी बेअरिंग आणायला बाजारात गेलो होतो. परतलो तेव्हा शाफ्ट लेथवर चढला होता. अण्णांनी कपाट उघडले होते. होल्डरमधल्या कार्बाइडवर पाण्याचे थेंब होते. शाफ्टला धरून फिरणारा चक आवळायची चावी चकमध्येच राहिली होती, आणि अण्णांचा हात बटणावर होता. मशीन फिरले असते तर ती चावी त्यांच्या छातीवर आली असती.

मी त्यांचे मनगट धरले.

"अण्णा, आजपासून मशीन मी चालवतो."

डाळमिलवाला बाहेर रस्त्याकडे पाहू लागला. अण्णांनी हात सोडवून घेतला नाही.

"मग म्या काय करू?"

"बसा."

गिऱ्हाइके बसतात त्या स्टुलावर ते बसले. मी चावी काढली, दुसरी कांडी लावली आणि लेथ चालू केले. वहिनींना काय सांगायचे, हे शाफ्ट पुरा होईपर्यंत मला ठरवता आले नाही.